आंधळ्या भोकातला बुश ग्रीसने काढा

कोकणातल्या खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या मशीनचा गनमेटल बुश (फिरता दांडा, म्हणजे शाफ्ट, ज्यात बसतो ती कांस्यासारख्या धातूची नळी) घट्ट धरतो, आणि भोक आंधळं, म्हणजे मागून बंद असल्याने ठोकायला वाट नसली की माणूस छिन्नी उचलतो. कृपया नको! हाउसिंगला (बुश ज्यात घट्ट बसतो त्या भोकाला) ओरखडा पडला तर नवा बुश नीट बसत नाही.

१. तेलाचं भोक असेल तर आधी स्क्रूने बंद करा, नाहीतर सगळा जोर तिथूनच निघून जातो.

२. बुश आणि त्यामागची पोकळी ग्रीसने ठासून भरा. हवा राहता कामा नये.

३. बुशात जेमतेम सरकेल अशी सळई लेथवर कातून घ्या. जुना शाफ्ट चालत नाही, झिजलेल्या बुशात तो ढिला पडतो.

४. सळई घालून हातोडीने ठोका. ग्रीस बुशला मागून बाहेर ढकलतं. कमी झालं की पुन्हा भरा.

बुश अगदी तळाला टेकलेला असेल तर ही युक्ती लागू पडत नाही. ठोकताना चष्मा लावाच, ग्रीसची चिळकांडी थेट डोळ्यांकडे येते.

हात लागलाच आहे तर ऑइल सीलही (शाफ्टभोवतून तेल गळू न देणारी रबरी कडी) बदला. शाफ्टवर जुन्या सीलची खाच पडली असेल आणि जागा असेल, तर नवं सील दोनेक मिलिमीटर पुढे-मागे बसवा.