मॅन्युअल की ऑटोमॅटिक: चालवण्याचा आनंद आपल्याच रस्त्यावर कसा पारखावा

संध्याकाळी सहाच्या सुमारास छत्रपती संभाजीनगरात क्रांती चौकापासून चिकलठाण्यापर्यंत जालना रोडने गाडी नेली, तर क्लच नसता तर किती बरे झाले असते असे डाव्या पायाला वाटते; आणि तीच गाडी रविवारी पहाटे कन्नडच्या पुढे औट्रम घाटात उतरवायला घेतली, की गिअरची दांडी आपल्या हातात असल्याचे समाधान वाटते. मॅन्युअल चांगली की ऑटोमॅटिक, हा वाद रस्ता बाजूला ठेवून घातला तर कधीच मिटत नाही. म्हणून कोणत्या रस्त्यावर काय करून पाहावे आणि त्या वेळी कशाकडे लक्ष द्यावे, हे येथे सांगतो. आनंद म्हणजे वेग, असे मी मानत नाही. आपण मनात आणले आणि गाडीने ते केले, या दोहोंत जितका कमी वेळ जातो तितकी ती गाडी चालवायला आनंददायक, एवढीच माझी कसोटी आहे.

टेस्ट ड्राइव्हला जाण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी. शोरूममध्ये ‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखाली चार वेगळ्या यंत्रणा विकल्या जातात आणि चालवताना त्यांचे स्वभाव अगदी निराळे असतात. भारतात २०१४ साली मारुती सुझुकीच्या सेलेरिओपासून रुळलेली एएमटी म्हणजे मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम आपल्याऐवजी यंत्र करते. त्यामुळे गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटते आणि मान पुढे झुकते. सीव्हीटीमध्ये ठरावीक गिअरच नसतात. दोन पुलींमधला पट्टा त्यांच्या बदलत्या रुंदीनुसार वरखाली सरकतो आणि इंजिन सोयीच्या फेऱ्यांवर फिरत राहते. म्हणून जोरात रेस दिली की आधी आवाज चढतो आणि वेग मागाहून येतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचऐवजी तेलातून शक्ती पोहोचवणारी चक्रे असतात, त्यामुळे सुरुवात अतिशय मऊ होते. चौथी यंत्रणा म्हणजे डीसीटी, तिच्यात दोन क्लच असतात: एक विषम गिअरांसाठी आणि एक सम गिअरांसाठी. तिसरा गिअर चालू असतानाच चौथा तयार ठेवलेला असतो, म्हणून बदल जवळजवळ कळतही नाही. आपल्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळणी झालेल्या स्कोडाच्या ऑक्टाव्हिया आणि सुपर्ब या गाड्यांच्या अनेक आवृत्त्यांत हीच यंत्रणा होती.

आता प्रत्यक्ष चाचणीकडे वळू. विक्रेते बहुधा शोरूमजवळच्या सरळ रस्त्यावर दहा मिनिटांची फेरी देतात आणि तेवढ्यात कोणतीही नवी गाडी छानच वाटते. त्यापेक्षा एकाच गाडीच्या मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक या दोन्ही आवृत्त्या एकाच दिवशी, एकाच मार्गावर, निदान तासभर चालवायला मागाव्यात. मार्ग आपल्या रोजच्या जाण्यायेण्याचा असावा आणि त्यात थोडा चढउतारही असावा. संभाजीनगरकरांना दौलताबादचा घाट सोयीचा आहे, कारण तेथे वळणे आहेतच, शिवाय दिल्ली दरवाजाच्या अरुंद कमानीपाशी हमखास तुंबणारी वाहतूकही आहे. बीडकरांना मांजरसुंब्याचा घाट जवळ आहे. सपाटीच्या परभणीत किंवा नांदेडमध्ये राहणाऱ्यांनी घाटाचा फार विचार न करता पुढे सांगितलेल्या ओव्हरटेकच्या चाचणीला अधिक वजन द्यावे.

माझ्या मते ओव्हरटेक हीच मराठवाड्यातली सर्वांत खरी परीक्षा आहे. गळीत हंगामात लातूर, धाराशिव, बीड किंवा परभणीच्या दुपदरी रस्त्यावर दोन ट्रॉल्यांत ऊस भरलेला ट्रॅक्टर पुढे असतो, त्याचा वेग ताशी वीस-पंचवीस किलोमीटर असतो आणि ट्रॉल्यांबाहेर आलेल्या उसामुळे पुढचे काहीच दिसत नाही. अशा वेळी मॅन्युअल गाडीत बाहेर पडण्यापूर्वीच दुसरा गिअर टाकून इंजिनाच्या फेऱ्या चढवून ठेवता येतात. रस्ता मोकळा दिसला की पाय दाबताच गाडी झेपावते. लहान टर्बो पेट्रोल इंजिनाच्या गाडीत हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण कमी फेऱ्यांवर टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा, जागा झालेला नसतो आणि चौथ्या गिअरमध्ये पाय कितीही दाबला तरी गाडी नुसती गुरगुरते. ऑटोमॅटिकमध्ये रेस पूर्ण दाबली की गिअरबॉक्स स्वतःच खालच्या गिअरवर येतो. पाय दाबल्यापासून गाडी खरोखर ओढेपर्यंत मनात ‘एक, दोन’ मोजावे. ‘एक’ संपण्याआधी ओढ आली तर ती यंत्रणा आपल्या कामाची आहे; ‘दोन’च्या पुढे गेली तर समोरून एसटी येत असताना ते थांबणे नकोसे होते. एएमटी येथे बहुधा कमी पडते आणि डीसीटी सर्वांत चटपटीत ठरते. ही चाचणी मोकळ्या रस्त्यावर, पुढचे लांबवर दिसत असतानाच करावी. मोजणीसाठी ट्रॅक्टर पुढे असण्याची गरज नाही, वीस-पंचवीसच्या वेगावरून पाय दाबला तरी पुरते.

घाटात चढापेक्षा उतार अधिक शिकवतो. जुन्या चालकांचा दंडक असा, की ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागेल त्याच गिअरमध्ये तो उतरावा. मॅन्युअल गाडी दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये ठेवून रेसवरचा पाय काढला की इंजिनच तिला धरून ठेवते, ब्रेक तापत नाहीत आणि प्रत्येक वळणाआधी गाडीचा भार आपल्या हाताखाली आहे असे जाणवते. औट्रम घाटात मला मिळालेला आनंद बहुतांशी या धरून ठेवण्याचाच आहे. याच ठिकाणी एक कौशल्य अवश्य शिकावे: तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना क्लच दाबलेला असतानाच रेस क्षणभर हलकेच द्यावी, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या दुसऱ्या गिअरला जुळतात आणि क्लच सोडताना धक्का बसत नाही. सुरुवातीला हे सपाट, मोकळ्या रस्त्यावर पंचवीस-तीसच्या वेगाने करून पाहावे. आठवडाभरात पाय शिकतो, आणि ज्या दिवशी गिअर बदलल्याचे शेजारच्या माणसाला कळतही नाही, त्या दिवशी मॅन्युअलची गोडी लोकांना का सुटत नाही ते उमगते.

ऑटोमॅटिक गाडी मात्र उतारावर ‘डी’मध्ये, म्हणजे नेहमीच्या पुढे जाण्याच्या स्थितीत, तशीच सोडली तर अनेकदा वरचा गिअर घेते आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. म्हणून चाचणीच्या वेळी मॅन्युअल मोड, ‘एल’ (खालच्या गिअरची खूण) किंवा स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर उतरवून पाहावा. आपण सांगितल्यावर तो लगेच उतरतो का, आणि उतरल्यावर तेथेच राहतो की थोड्या वेळाने आपल्याला न विचारता पुन्हा वर जातो, हे नीट पाहावे. दांडीला अधिक-उणे अशी खूण असूनही जी गाडी आपले ऐकत नाही, तिच्यात घाटाचा आनंद मिळणार नाही. आणि गाडी कोणतीही असो, पेट्रोल-डिझेल वाचवण्यासाठी उतारावर न्यूट्रल करण्याची सवय सोडून द्यावी. आजची इंजेक्शनची इंजिने गिअरमध्ये राहून रेस सोडल्यावर इंधन तोडतातच, तर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी ते लागत राहते.

शहराबाबत फार लिहायला नको. तुंबलेल्या रस्त्यावर टॉर्क कन्व्हर्टर सर्वांत सुखाचा आहे. ब्रेकवरचा पाय उचलला की गाडी आपोआप सरकते. कोरड्या क्लचची (म्हणजे क्लच तेलात न बुडालेले असलेली) डीसीटी मे महिन्याच्या उन्हात एकेका हाताने पुढे सरकत राहिली तर तिचे क्लच तापतात, म्हणून पुढच्या गाडीपासून थोडे अंतर सुटू द्यावे आणि मगच एकदम पुढे जावे. एएमटीमध्ये गिअर बदलेल असे वाटताच रेस किंचित सैल करावी. झटका लक्षणीय कमी होतो. टेस्ट ड्राइव्हला घरच्यांना मागच्या सीटवर बसवले तर हा फरक त्यांच्याकडून नेमका कळतो.

समृद्धी महामार्गावर, जालना किंवा वैजापूरकडून चढल्यावर, गिअरबॉक्सचा प्रश्न जवळजवळ संपतोच. गाड्यांना तेथे ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे आणि वरच्या गिअरमध्ये तासन्‌तास हात हलवावा लागत नाही. तेथे आनंद मिळतो तो स्थिरतेचा आणि शांततेचा. म्हणून या वेगाला इंजिन किती फेऱ्यांवर फिरते आणि आत आवाज किती येतो एवढे पाहिले तरी पुरे.

ज्यांना क्लचचा त्रास नको पण गिअर स्वतः टाकायचा आहे, त्यांच्यासाठी ह्युंदाईने २०२० मध्ये व्हेन्यूमध्ये आणलेली आयएमटी हा मधला मार्ग आहे. दांडी हाताने हलवायची, क्लच यंत्राने दाबायचा. मला ती प्रामाणिक वाटते, कारण गिअर कोणता हे चालकच ठरवतो. तरीही माझी निवड विचाराल तर उत्तर दोन वाक्यांत आहे. रोजचा प्रवास घाटाचा किंवा दुपदरी रस्त्याचा असेल तर हलक्या क्लचची मॅन्युअल घ्यावी, नाहीतर पॅडल असलेला चांगला टॉर्क कन्व्हर्टर घ्यावा. आणि दोन्हींपैकी जी गाडी एका तासाच्या फेरीनंतरही परत करावीशी वाटत नाही, तिची पुन्हा एक फेरी दुपारच्या उन्हात, एसी पूर्ण चालू ठेवून आणि चार माणसे बसवून घ्यावी, कारण आपल्याकडे गाडी बहुतेक वेळा तशीच चालवावी लागते.