विमानतळाची थेट गाडी परत हवी असेल तर आधी वेळापत्रक उघडा

थेट गाडी बंद झाली की पहिल्या आठवड्यात सह्यांची मोहीम निघते. खुशाल काढा. लोक जमतात, फोन नंबर मिळतात, कोण नुसतं बोलणारं आणि कोण काम करणारं तेही कळतं. पण सह्यांच्या गठ्ठ्यावर गाडी धावत नाही. तिला मोकळा रेक, म्हणजे जोडलेल्या डब्यांचा अख्खा संच लागतो, चालक आणि गार्ड लागतात, आणि रुळांवर मोकळी वेळ लागते, ज्याला रेल्वेवाले पाथ म्हणतात. आपली गाडी गेली तेव्हा यातलं नेमकं काय गेलं, हे शोधल्याशिवाय निवेदन लिहायला बसू नये, या मताची मी आहे.

कारण प्रत्येक गाडी वेगळ्या कारणाने जाते. इंग्लंडात क्लीथॉर्प्सहून शेफील्डमार्गे मँचेस्टर विमानतळाला जाणारी थेट गाडी डिसेंबर 2022 च्या वेळापत्रकात लिव्हरपूलकडे वळवली. मँचेस्टर शहरातून जाणारा कॅसलफील्डचा पट्टा जेमतेम दोन रुळांचा, आणि त्यावर लोकल, लांबच्या गाड्या, मालगाड्या सगळ्याच घुसतात. त्या कोंडीपायी अख्ख्या भागाचं वेळापत्रक नव्याने मांडलं, त्यात शेफील्डची थेट सोय गेली. अशा ठिकाणी ‘आमच्याकडे प्रवासी खूप’ असं कितीही ओरडलात तरी समोरचा मान डोलावून मोकळा होतो. तो मुद्दा त्याने नाकारलेलाच नसतो. तिथे मागणी पाथची करावी लागते, आणि तो पाथ आज कोणाकडे आहे याचं उत्तर तयार ठेवावं लागतं. लिव्हरपूलच्या प्रवाशाला त्याची गाडी तुमच्याइतकीच प्यारी असते.

इंग्लंडातल्याच टीसाइडचं दुखणं उलटं. तिथलं विमानतळ स्टेशन 1971 चं, टर्मिनलपासून पंधराएक मिनिटं चालत. पुढे पुढे तिथे आठवड्यातून एकाच दिवशी गाडी थांबायची. 2012-13 मध्ये वर्षभराचे प्रवासी नोंदले गेले 8. आधी गाडी अशी ठेवायची की कोणी बसू नये, मग तोच आकडा मागणी नसल्याचा पुरावा म्हणून दाखवायचा! 2022 मध्ये फलाटाच्या सुरक्षिततेचं कारण देऊन थांबाच स्थगित झाला. तुमची गाडी अशी हळूहळू मारली गेली असेल तर जुनी वेळापत्रकं गोळा करा आणि फेऱ्या कमी होत गेल्या ती वर्षं प्रवासी संख्येशेजारी मांडा. आधी फेऱ्या घटल्या की आधी प्रवासी, हे त्या एका तक्त्यात दिसतं.

आणि कोलकात्यावरून एक धडा घ्या. तिथल्या विमानतळापर्यंत 2006 मध्ये रेल्वे आली, 2016 मध्ये गाड्या थांबल्या, नंतर मेट्रोच्या कामासाठी तो उन्नत मार्गच पाडला. मेट्रो 2025 मध्ये पोहोचली. रूळ जागेवर आहेत तोवर तुमची मागणी ‘पुन्हा सुरू करा’ अशी असते. एकदा ते उखडले की तोच ‘नवा प्रकल्प’ होतो, त्याची फाईल वेगळी आणि पैसेही वेगळे. म्हणून बंद मार्गावर सिग्नल काढणं, सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा) काढणं असलं काही दिसलं की त्याच दिवशी लेखी पत्र द्या आणि पोच घ्या.

आता मुख्य काम. चौकटींचा मोठा कागद घ्या. आडवी वेळ मांडा, उभी स्टेशनं. मार्गावरची प्रत्येक गाडी एका तिरक्या रेघेने काढा. ही रेल्वेचीच जुनी पद्धत आहे आणि पेन्सिल, पट्टी, छापील वेळापत्रक एवढ्यावर भागतं. मालगाड्या त्यात येत नाहीत, त्यांच्या वेळा माहितीच्या अधिकारात मागा. रेघा भरत आल्या की मोकळ्या फटी आपोआप डोळ्यांत भरतात.

मग टोकाच्या स्टेशनात पडून राहणारे रेक शोधा. समजा, एक गाडी जंक्शनला 9.10 ला येते आणि तोच रेक 10.45 ला परत निघतो. विमानतळ वीस मिनिटांवर. जायला वीस, तिथे उलटायला पंधरा, यायला वीस, परतल्यावर पुन्हा पंधरा. झाली सत्तर मिनिटं, हातात होती पंच्याण्णव. म्हणजे नवा रेक न घेता एक फेरी बसते. एकेरी मार्ग असेल तर क्रॉसिंग, म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीला वाट देणं, कुठे पडेल ते तपासा, चालकाची ड्यूटी मधेच संपत नाही ना तेही विचारा. हा कागद टेबलावर ठेवलात की बैठकीचा सूर बदलतो. वेळापत्रक आखणारा माणूस एरवी गप्प असतो. तो पेन काढून तुमच्या रेघा दुरुस्त करायला लागला की समजा, काम मार्गी लागलं.

प्रवासी मोजताना सगळे विमानाने जाणाऱ्यांच्या मागे लागतात. त्यातले बहुतेक वर्षातून एकदा-दोनदा जातात. रोज जातात ते सफाई कामगार, सुरक्षा रक्षक, सामान चढवणारे, काउंटरवरच्या मुली, आसपासच्या हॉटेलांतली माणसं. गाडी जगते ती यांच्या पासावर. त्यांच्या पाळ्या कधी बदलतात ते ठेकेदारांकडून लिहून घ्या. पहिलं विमान सहाला असेल तर काउंटर चारच्या आसपास उघडतं, आणि सातची पहिली गाडी त्यांच्या काय कामाची? बेंगळुरूत विमानतळाशेजारी हॉल्ट, म्हणजे छोटं थांब्याचं स्टेशन झालं, जानेवारी 2021 मध्ये गाड्या सुरू झाल्या, टर्मिनलपर्यंत शटल बसही होती. तरी वेळा जुळत नाहीत ही तक्रार राहिलीच.

प्रश्नावलीत ‘थेट गाडी हवी का?’ हे विचारूच नका, नाही कोण म्हणेल? ‘मागच्या वेळी कसे गेलात, घरातून किती वाजता निघालात, विमान किती वाजता होतं, खर्च किती आला’ हे विचारा. गाडी बदलावी लागणारा माणूस जोडगाडी चुकण्याच्या धास्तीने एक गाडी आधी निघतो. तो वाया गेलेला तास या उत्तरांतून बाहेर येतो. शिवाय एक सकाळ जंक्शनच्या जिन्यापाशी उभे राहा. लिफ्ट बंद, एका हाताला मूल, दुसऱ्या हातात चाकांची बॅग, आणि समोरच्या फलाटावर दारं बंद होत असलेली गाडी. असा एक फोटो, तारीख-वेळेसह, निवेदनाला जोडा. चेहरे मात्र येऊ देऊ नका.

तारखा पाळा. युरोपात वार्षिक वेळापत्रक डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारच्या मध्यरात्री बदलतं, ब्रिटनमध्ये मे आणि डिसेंबर असं दोनदा, आणि तिथे कंपन्यांना आपली मागणी सुमारे 40 आठवडे आधी द्यावी लागते. तुमच्याकडचा असाच मुहूर्त शोधून काढा आणि त्याच्या बरंच आधी कागद पोहोचवा. नवं वेळापत्रक जाहीर झाल्यावर मोर्चा काढणं म्हणजे वरातीमागून घोडं.

लोकप्रतिनिधींना भेटाच, सभागृहात प्रश्न आला की खात्याला लेखी उत्तर द्यावं लागतं. पण प्रश्न तुम्हीच लिहून द्या. ‘गाडी कधी सुरू होणार?’ याला ‘विचाराधीन आहे’ एवढंच उत्तर येतं. ‘अमुक रेक अमुक वेळेत उभा असतो, हे खरं आहे काय?’ याला हो किंवा नाही म्हणावं लागतं.

तडजोड होईल. तासाला एक गाडी मागाल, सकाळ-संध्याकाळ एकेक मिळेल, घ्या. दुपारी दोनची, आठवड्यातून दोन दिवस, अशी मिळाली तर घेऊ नका. टीसाइडसारखा आकडा तयार करायला आपण हातभार का लावायचा? चाचणीचा काळ किमान वर्षभराचा मागा, म्हणजे सुट्टीचा हंगाम आणि पडका हंगाम दोन्ही मोजले जातात. डब्यांतले प्रवासी तुम्हीही पहिल्या दिवसापासून मोजा. तिकीट काढताना विमानतळ स्टेशन यादीत येतं का, टर्मिनलमधल्या पाट्यांवर गाडीची वेळ आहे का, हे आधी बघा. आणि विमान उशिरा उतरलं तर तेच तिकीट पुढच्या गाडीला चालेल, हे लेखी घेऊन ठेवा.