एचबी कमी आलंय? आधी बघा गोळी कशासोबत घेताय

गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यात माझं एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, ८.९ आलं आणि मला खरंच धक्का बसला, कारण मी लोहाची गोळी एक दिवस चुकवली नव्हती. ऐरोलीहून ठाण्याला रोज लोकलने जायचे, ब्रिजचा जिना चढला की धडधडायचं, दम लागायचा, मी म्हणायचे गर्दी आहे, पोट वाढतंय, होणारच. त्याच महिन्यात मुरबाडकडे माझ्या वहिनीचं ९.४ आलं. तिच्याकडे आशाताई गोळ्या घरी आणून द्यायच्या पण त्या सगळ्या कपाटात, कारण घेतली की मळमळायचं, आणि शेजारच्या काकूंनी सांगितलेलं की गोळीने बाळ सावळं होतं. (होत नाही. बाळाच्या रंगाचा गोळीशी काहीएक संबंध नाही.)

मग माझं काय चुकलं? मी सकाळी आठला चहासोबत लोहाची गोळी घ्यायचे आणि लगेच कॅल्शियमची पण, एकदम उरकून टाकायचं म्हणून. चहातलं टॅनिन लोह अडवतं, कॅल्शियमपण अडवतं. म्हणजे गोळी पोटात गेली पण अंगाला फार थोडी लागली. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा कळलं, तोपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं.

तर असं करा. लोहाची गोळी शक्यतो रिकाम्या पोटी किंवा दोन जेवणांच्या मध्ये, साध्या पाण्याने नाहीतर लिंबूपाण्याने, पेरू किंवा आवळा असेल तर अजून चांगलं, सी व्हिटॅमिनमुळे लोह नीट शोषलं जातं. चहा-कॉफी आधी-नंतर निदान एक तास नको. कॅल्शियम आणि लोह यात दोन तासांचं तरी अंतर ठेवा, मी कॅल्शियम जेवणानंतर आणि लोह झोपताना असं लावून घेतलं. मळमळत असेल तर वहिनीसारखं बंद करू नका, थोडं खाऊन घ्या किंवा रात्री घ्या. शी काळी होते, घाबरू नका, ती होतेच. बद्धकोष्ठ झालं तर पाणी, भाज्या वाढवा आणि तरी जमेना तर डॉक्टरांना दुसरी गोळी विचारा.

आता आकडे. गरोदरपणात एचबी ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, म्हणजेच अ‍ॅनिमिया. १० ते १०.९ सौम्य, ७ ते ९.९ मध्यम, ७ च्या खाली गंभीर, तिथे घरी प्रयोग करत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं, चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस. एचबी कमी असेल तर डॉक्टर बहुतेक दोन सांगतात. बाहेरची गोळी घेत असाल तर स्ट्रिपवर ‘एलिमेंटल आयर्न’ (म्हणजे प्रत्यक्ष लोह) किती ते बघा, मोठा आकडा बऱ्याचदा लोहाच्या अख्ख्या क्षाराचा असतो.

महिन्याने परत टेस्ट करा. निदान एक पॉइंट तरी वाढायला हवा, नाही वाढला तर कारण शोधायचं, नुसता डोस वाढवत नाही बसायचं. बी१२ व्हिटॅमिन कमी असू शकतं, जंत असू शकतात (दुसऱ्या तिमाहीत एकदा अल्बेंडाझोल देतात, डॉक्टरांना विचारूनच), किंवा थॅलेसेमिया मायनर किंवा सिकलसेल (आईबापांकडून येणारे रक्तातले दोष). थॅलेसेमिया निघाला तर नवऱ्याचीही टेस्ट करायची, यात लाजायचं काही नाही. गोळीने होत नसेल किंवा दिवस थोडे उरले असतील तर सलाईनमधून लोह देतात.

जेवणाचं थोडक्यात. बीट-डाळिंब लाल आहे म्हणून रक्त वाढतं हे मनातून काढा, खा जरूर पण त्यावर अवलंबून राहू नका. मोड आलेली मटकी, हरभरा, शेवग्याचा पाला, लोखंडी कढईतली भाजी त्यावर लिंबू, आणि खात असाल तर मासे-मटण, त्यातलं लोह सगळ्यात पटकन लागतं. पण एचबी ९ असताना फक्त जेवणावर भरून निघत नाही, गोळी लागतेच.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांची तपासणी फुकट असते, माझ्या ओळखीतल्या नवी मुंबईतल्या बायका याचा फायदा घेतच नाहीत, गावात वहिनीला आशाताई हाताला धरून न्यायच्या. आमच्याकडे सोसायटीत असं विचारणारं कुणी नाही, त्यामुळे तारीख आपणच मोबाईलमध्ये टाकायची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांमध्ये अ‍ॅनिमिया निघाला, गावात जास्त पण शहरातही कमी नाही.

वहिनीने मग रात्री जेवल्यावर झोपताना घ्यायला सुरुवात केली, दीड महिन्यात १०.६. माझं १०.८ वर गेलं. डिलिव्हरीनंतर मात्र दोघींनी गोळ्या ठेवून दिल्या होत्या, बाळ झालं म्हणजे झालं म्हणून, तेव्हा आशाताईंनीच फोनवर सांगितलं की पुढचेही १८० दिवस घ्यायच्या असतात. आता बाळाचं लंगोटांचं कपाट उघडलं की समोर स्ट्रिप दिसेल अशी ठेवलीय.