थरारकथा लिहिण्यासाठी वाचताय? मग या चुका टाळा

नवोदितांच्या कथा वाचायला येतात तेव्हा सोबतच्या चिठ्ठीत एक वाक्य हमखास असतं: ‘मी भरपूर थ्रिलर वाचले आहेत.’ वाचलेच असतील. पण कथेत त्या वाचनाचा मागमूस नसतो, आणि कारणं बहुतेक वेळा तीच ती.

कथा लिहायचीय आणि वाचन मात्र कादंबऱ्यांचं

ही माझी खास नावडती चूक. चारशे पानांच्या कादंबरीत उपकथानकं मावतात, चार संशयित मावतात, नायकाचं मोडलेलं लग्नही मावतं. तीन हजार शब्दांत एक माणूस, एक अडचण आणि ती अडचण वाढत जाते तेवढा वेळ, बास. अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो याने 1842 मध्ये नॅथॅनिएल हॉथॉर्न या कथाकाराच्या कथांचं परीक्षण करताना हेच मांडलं होतं: कथा एका बैठकीत वाचून व्हावी आणि तिच्यातला शब्दन् शब्द ठरवलेल्या एकाच परिणामासाठी खपावा.

एका होतकरू लेखकाची कथा मला अजून आठवते. हेरगिरीच्या जाडजूड कादंबऱ्यांचा त्याने फडशा पाडला होता. त्याच्या छोट्याशा कथेत एक निवृत्त गुप्तहेर, त्याची मुलगी, दोन देशांच्या यंत्रणा, एक फितूर मंत्री आणि बंदरावरचा पाठलाग, एवढं सगळं होतं. पहिली दोन पानं पात्रांच्या ओळखीत गेलेली. मग ‘जीवघेणा पाठलाग सुरू झाला’ असं वाक्य, आणि पुढच्याच परिच्छेदात पाठलाग खलास! मधे कुठेतरी मात्र चार ओळी होत्या. मुलगी घरात एकटी आहे, दार वाजतं आणि बाहेरचा अनोळखी माणूस तिला बाबांनी ठेवलेल्या लाडाच्या नावाने हाक मारतो. ते नाव बाबांशिवाय कुणालाच ठाऊक नाही. मी म्हटलं, हीच तुझी कथा, बाकीचं काढ. तो रुसला. ‘मग कादंबरीच करतो याची,’ म्हणाला. बऱ्याच महिन्यांनी नवा खर्डा आला. मंत्री गेला होता, बंदर गेलं होतं, उरलं होतं फक्त बंद दार आणि त्याच्या दोन बाजूंना दोन माणसं. वाचताना कडी काढली जाते की काय या धास्तीने मी पानं उलटत होते.

कादंबऱ्या वाचायच्या तर मजेसाठी खुशाल वाचा. पण लिहायच्या दिवसांत माझ्या टेबलावर फक्त कथा असतात. आवडलेल्या कथेचे परिच्छेद मोजायचे आणि अडचण कितव्या परिच्छेदात दारात येऊन उभी राहते ते पाहायचं. ती किती लवकर येते हे पाहून नवखे चकित होतात.

एकदाच वाचणं

पहिल्या वाचनात लेखक नेईल तिकडे आपण निमूट जातो. त्याने कसं नेलं ते शेवट माहीत झाल्यावरच दिसतं. म्हणून ‘शेवट कळला, आता परत काय वाचायचं?’ असं कुणी म्हटलं की मला चिडायला होतं. अहो, तुमची तयारी तिथून तर सुरू होते!

दुसऱ्या वाचनात मी पेन्सिल घेते आणि प्रत्येक परिच्छेदाशेजारी दोन गोष्टी लिहिते: इथे वाचकाला काय माहीत आहे आणि पात्राला काय माहीत आहे. ताण या दोन्हींतल्या फरकातून येतो. सिनेदिग्दर्शक हिचकॉकचं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण पुष्कळांना तोंडपाठ असतं. बॉम्ब अचानक फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का. तो तिथे आहे हे प्रेक्षकाला आधीच कळलं तर पंधरा मिनिटांची उत्कंठा. उदाहरण पाठ असूनही कथा लिहिताना मात्र सगळे बॉम्ब लपवूनच ठेवतात.

रोआल्ड डाल यांची ‘लॅम्ब टू द स्लॉटर’ (1953) या पद्धतीने वाचून पाहा. नवऱ्याचा खून बायको कथेच्या पूर्वार्धातच करते, आपल्या डोळ्यांदेखत. त्यानंतर दुकानात जाण्यापूर्वी ती आरशासमोर बसून नेहमीच्या आवाजात बोलायचा सराव करते. आपल्याला सगळं ठाऊक, पोलिसांना काहीच नाही, आणि बघता बघता आपण तिच्या बाजूचे झालेले असतो. ‘खुनी कोण’ हा प्रश्न कथेत कुठेच नाही. फ्रेंच राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या खुनाच्या कटावरची फ्रेडरिक फोर्साइथ यांची कादंबरी ‘द डे ऑफ द जॅकल’ 1971 मध्ये आली तेव्हा द गॉल यांचा खून झाला नव्हता हे सगळ्या वाचकांना माहीत होतं. तरी पुस्तक खाली ठेवता येत नव्हतं. शेवट दडवला की थरार आपोआप येतो, या समजुतीवर याहून चांगला उतारा मला माहीत नाही.

दुप्पट वेगाने ऑडिओबुक ऐकणारे आणि सारांशाचे व्हिडिओ पाहून ‘तंत्र कळलं’ म्हणणारे यांच्याविषयी काय बोलावं! थरारकथेचं अर्धं काम लेखक कुठे रेंगाळतो यात असतं, आणि नेमकं तेच सारांशात उडवलेलं असतं.

बाकीच्या थोडक्यात

फक्त कलाटण्यांची वही भरू नका. कलाटणीच्या आधीची तीन पानं उतरवून काढा, हाताने.

एकाच लेखकाचं सगळं वाचलंत तर तुमच्या कथेत त्याची लकब येईल, तीही पातळ होऊन.

रहस्यकथा आणि थरारकथा एकाच ढिगात ठेवू नका. पहिलीत घडून गेलेल्याचा शोध असतो, दुसरीत घडू पाहणाऱ्याची भीती. दोन्ही वाचा, पण आपण कुठली लिहितोय ते ठरवून.

फसलेल्या कथाही वाचा. आपलं लक्ष कुठल्या ओळीवर उडालं तिथे खूण करा.

आणि माहितीसाठी थ्रिलर वाचू नका. रुमालावरच्या क्लोरोफॉर्मने माणूस दोन सेकंदांत कोसळत नाही, काही मिनिटं लागतात. सायलेन्सर लावलेली पिस्तूल ‘फुस्’ करत नाही. आवाज साधारण 20 ते 35 डेसिबलने उतरतो, पण शेजारच्या खोलीतला माणूस दचकून उठेल एवढा उरतोच. एकाने चुकीचं लिहिलं, दुसऱ्याने ते वाचून लिहिलं, आता तुम्हीही तेच लिहिणार. त्यापेक्षा त्या शेजारच्या माणसाला उठू द्या की. कथेला नवी अडचण मिळेल.