छातीच्या ऑपरेशनचा रिट्रॅक्टर डिझाईन करायचाय? आधी बरगडी समजून घ्या

पुण्याजवळ भोसरीत आमचं टूलरूमचं काम आहे आणि गेली काही वर्षं छातीच्या सर्जनसाठी रिट्रॅक्टरचे, म्हणजे ऑपरेशनमध्ये दोन बरगड्या ताणून उघड्या धरणाऱ्या हत्याराचे, प्रोटोटाइप करतोय, त्यात जे हाताला लागलं ते लिहितो. मेकॅनिकलची पोरं येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला, "सर, किती उघडला पाहिजे?" आणि चूक इथूनच सुरू होते. सर्जनला आत नीट दिसायला हवं आणि हात जायला जागा हवी, ती नुसतं ताणून मिळत नाही. ब्लेड, म्हणजे बरगडीला लागणारं पातं, कुठे टेकतंय, किती रुंद टेकतंय आणि किती हळू उघडतंय, सगळा खेळ त्यावर आहे.

कॅड उघडायच्या आधी रीतसर परवानगी काढून ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, एकदा उभं राहा. सर्जन कुठल्या बाजूला उभे आहेत, हँडल कुणाच्या हाताखाली येतं, लाईट कुठून पडतो, टाके घालताना धागा कशात अडकतो हे सगळं वहीत लिहा. नेहमीची थोरॅकोटॉमी, म्हणजे छाती उघडायचं ऑपरेशन, बरेचदा पाचव्या आणि सहाव्या बरगडीच्या मधून करतात. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला एक खोबण असते, त्यात व्हेन, आर्टरी आणि नर्व्ह एकाखाली एक असतात, म्हणजे आपलं वरचं ब्लेड बरोबर त्या नर्व्हवरच दाबणार. ऑपरेशननंतर काही पेशंटना महिनोन् महिने छाती दुखते, त्यात या दाबाचाही हात असतो. हे लक्षात ठेवूनच ब्लेड काढायला बसा.

मूळ रचना फिनोचिएतोंची, अर्जेंटिनाचे सर्जन, १९३० च्या दशकातली. एक रॅक (दातांची सरळ पट्टी), एक पिनियन (तिच्यावर फिरणारं छोटं दातेरी चाक), एक हँडल, ब्लेड धरणारे दोन आर्म. इतक्या वर्षांनी सगळे तीच वापरतात, त्यामुळे ती मोडीत काढायला जाऊ नका, तिच्यात सुधारणा करा.

आता गणित बघा. पिनियन १ मोड्यूलचा (मोड्यूल म्हणजे दाताचं माप), १० दातांचा धरला तर पिच डायमीटर १० मिमी, म्हणजे हँडलचा एक फेरा फिरवला की ब्लेड ३१ मिमी उघडणार. हँडल ५० मिमी लांब असेल तर जोर दहापट होतो, घर्षण सोडून द्या, पण हातानं ३ किलो लावले तर तिकडे बरगडीवर जवळपास ३० किलो, आणि हाताला ते कळतही नाही. म्हणून "फिरवायला सोपं जावं" म्हणून हँडल लांब करू नका. रॅकवर मिलिमीटरच्या खुणा लेझरनं मारा आणि एकेक दात, म्हणजे ३.१ मिमी, उघडून थांबता येईल असं लॉक द्या.

थांबणं का महत्त्वाचं ते मी कॅम्पातल्या शिवाजी मार्केटमधून बोकडाच्या बरगड्यांची अख्खी बाजू आणून बघितलं. भरभर फिरवलं तर कण्याच्या जवळ कट्ट असा आवाज आला, बरगडी गेली. दुसऱ्या बाजूला दोन दात उघडायचे, मिनिटभर थांबायचं, परत दोन दात असं केलं, तर थांबल्यावर ताण आपोआप उतरतो आणि हँडल पुढच्या वेळी हलकं लागतं. स्प्रिंगचा वजनकाटा मध्ये अडकवला तर काटा खाली येताना डोळ्यांनी दिसतो. हा प्रयोग प्रत्येकानं करावाच.

ब्लेडचं सांगायचं तर सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. आर्म लोडखाली वाकतात, ब्लेड तिरकं होतं आणि सगळा जोर ३ मिमीच्या कडेवर येतो. तोच जोर १५ मिमीच्या पट्ट्यावर पसरला तर दाब पाचवा हिस्सा. त्यासाठी ब्लेड पिव्हटवर थोडं फिरू द्या म्हणजे ते बरगडीप्रमाणे स्वतः बसतं, कडांना २ मिमीची तरी गोलाई द्या, आणि आर्मची वाकण्याच्या दिशेतली जाडी वाढवा. ती २५ टक्के वाढवली की कडकपणा जवळपास दुप्पट होतो, वजन मात्र तेवढं वाढत नाही. ब्लेडची खोली दोन-तीन मापांत बदलता आली पाहिजे, कारण जाड पेशंट आणि बारीक पेशंट यांना एकच ब्लेड चालत नाही, आणि खोल ब्लेड उगाच लावलं तर ते फुप्फुसात घुसतं आणि समोरचं झाकतं.

मटेरियलवर फार घोळ घालू नका, सर्जिकल ग्रेडचं स्टेनलेस घ्या, फक्त रॅक आणि पिनियन एकाच हार्डनेसचे नकोत, नाहीतर एकमेकांना खातात. पॉलिश चकचकीत नको, ग्लास बीड मारून मॅट करा, ओटीचा लाईट डोळ्यांवर येतो. लेझर मार्किंगनंतर पॅसिव्हेशन (गंज धरू नये म्हणून ॲसिडची प्रक्रिया) करायलाच हवं, नाहीतर खुणांवरच गंज धरतो.

प्रोटोटाइप थेट पेशंटवर अजिबात नाही, २०१७ च्या मेडिकल डिव्हाइस रूल्सप्रमाणे लायसन्स आणि टेस्टिंग आधी. १३४ डिग्रीला ऑटोक्लेव्हचे (वाफेनं निर्जंतुक करायच्या मशीनचे) भरपूर फेरे मारा आणि प्रत्येक टप्प्यावर लॉक तपासा. मग ग्लोव्हज घालून, साबणाच्या पाण्यात हात बुडवून, तुम्ही स्वतः उघडून-मिटून बघा.

आणि तो प्रोटोटाइप हॉस्पिटलच्या सीएसएसडीतल्या, म्हणजे इन्स्ट्रुमेंट निर्जंतुक करणाऱ्या विभागातल्या, ताईंकडे द्या, त्या इन्स्ट्रुमेंट रोज धुतात. आमच्या पहिल्या पीसमध्ये पिव्हटचं भोक आरपार नव्हतं, ताईंनी ब्रश घातला, बाहेर काढला आणि विचारलं, "दादा, आतलं कसं निघणार?" बोकडाची चरबी खरंच तळाशी बसली होती. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक भोक आरपार असतं आणि ब्लेड टूलशिवाय हातानं सुटतं.