दिव्यांगांना रोजगाराकडे नेताना या चुका टाळा

मार्गदर्शनाला येणाऱ्या तरुणाआधी त्याचे आईवडीलच बोलायला लागतात. "याला बसल्या बसल्या करता येईल असं काहीतरी शिकवा." मग मुलगा शिवणकामाला नाहीतर मेणबत्त्यांना लागतो. अपंगत्व बघून कोर्स ठरवणं, ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक.

सेरेब्रल पाल्सी असलेला एक मुलगा मोबाईल दुरुस्तीच्या वर्गात बसवलेला पाहिला. बोटं ताठ, त्यामुळे चिमट्यातून स्क्रू निसटायचा आणि तो टेबलाखाली वाकून शोधत राहायचा. तीन महिने असेच गेले. पुढे गप्पांत कळलं, तालुक्याच्या स्टँडवरून सुटणाऱ्या प्रत्येक एस.टी.ची वेळ त्याला तोंडपाठ होती आणि फोनवर तो स्वच्छ बोलायचा. आता एका दुकानात फोनवर ऑर्डर घेतो. त्याला काय जमतं याचं आधी मूल्यमापन झालं असतं तर ते तीन महिने वाचले असते. मुंबईत शीवला यासाठी सरकारी केंद्र आहे. १९६८ सालचं हे व्यवसाय पुनर्वसन केंद्र आता राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र म्हणून ओळखलं जातं. तिथे गेलात तर प्रश्नांची उत्तरं मुलालाच देऊ द्या.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. यूडीआयडी कार्डावरचं (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नाव आधारशी अक्षरन् अक्षर जुळतंय ना, प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर मुदत कधी संपते, हे अर्ज भरायच्या आधी बघा. सरकारी नोकरीतलं ४ टक्के आरक्षण किमान ४० टक्के अपंगत्व असेल तरच मिळतं. शिवाय ते पद तुमच्या प्रकारच्या अपंगत्वासाठी निश्चित केलेलं आहे का, हे जाहिरातीत तपासावं लागतं.

मुलाखतीत "मला सगळं जमेल" म्हणून गरज लपवू नका. नेमकं मागा. दृष्टिहीन असाल तर संगणकावर एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, बसवून द्या म्हणा, ते फुकट मिळतं. ऐकू येत नसेल तर सूचना लेखी द्या म्हणा.

आणि नोकरीत असताना अपघाताने किंवा आजाराने अपंगत्व आलं तर घाईने राजीनामा देऊ नका. घरचेही "आता कशाला धावपळ" म्हणत गप्प बसवतात, आणि कर्ता माणूस पन्नाशीआधीच घरी बसतो. हे बघताना जीव तुटतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० नुसार सरकारी आस्थापनेला अशा कर्मचाऱ्याला काढता येत नाही की खालच्या पदावर टाकता येत नाही. जुनं काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यायचं. तेही नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत त्याच्यासाठी जादा पद निर्माण करून त्याला त्यावर ठेवायचं. राजीनाम्याचा कागद पुढे सरकवला तर सही न करता घरी या. कलमाचा उल्लेख करून पर्यायी पदासाठी लेखी अर्ज द्या, पोच घ्या. दाद लागली नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे ती पोच जोडून तक्रार करा.