उबुंटू अपग्रेड केल्यावर लॅपटॉप हँग होतोय? फॉरमॅट मारायच्या आधी जुना कर्नल लावून बघा

मागच्या पावसाळ्यात एका रात्री साडेअकराला मला उबुंटू (विंडोजच्या जागी वापरतात ती लिनक्स सिस्टिम) २२.०४ चं २४.०४ करायची हुक्की आली. लॅपटॉप सहा वर्षं जुना, बॅटरी फक्त नावाला, चार्जर काढला की दहा मिनिटांत मान टाकते, आणि बाहेर वर्तकनगरात असा पाऊस की समोरची बिल्डिंग दिसेना. पॅकेजं अनपॅक होत होती, साधारण अर्ध्यावर आलं असेल, आणि लाईट गेली. घरात इन्व्हर्टर आहे हो, पण तो पंख्याला आणि ट्यूबलाईटला, प्लगला नाही.

त्यानंतरचे पाच-सहा दिवस मी जे काय भोगलं त्यातून हे लिहितोय. आधीच सांगतो, कमांड इथे उच्चाराप्रमाणे मराठीत लिहिल्यात, टर्मिनलमधे अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाकायच्या.

अपग्रेडच्या आधी

बॅकअप घ्या हे सगळेच सांगतात पण कशाचा ते कोणी सांगत नाही. टाइमशिफ्ट नावाचं जे टूल आहे ते सिस्टिमचा स्नॅपशॉट घेतं, तुमचे फोटो आणि डॉक्युमेंट नाही, होम फोल्डर ते मुळात वगळतंच. म्हणजे दोन कामं वेगळी: टाइमशिफ्टने सिस्टिम आणि होम फोल्डर हाताने एक्स्टर्नल ड्राईव्हवर कॉपी. आणि टाइमशिफ्टला ड्राईव्ह लिनक्सवाल्या फॉरमॅटचा लागतो, ईएक्सटी४ वगैरे, विंडोजसाठी फॉरमॅट केलेला एनटीएफएस ड्राईव्ह लावलात तर तो घेणारच नाही.

मग डीएफ -एच मारून जागा बघा. मुख्य पार्टिशनवर मी तरी वीसेक जीबी मोकळी असल्याशिवाय हात लावत नाही. डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर बूटचं पार्टिशन वेगळं आणि छोटं असतं, ते जुन्या कर्नलांनी (कर्नल म्हणजे हार्डवेअर चालवणारा सिस्टिमचा गाभा) भरलेलं असेल तर नवीन कर्नलची फाईल अर्धवट लिहिली जाते आणि मशीन बूटच होत नाही. सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह अपग्रेडच्या आधी चालवा. नंतर लगेच नको, का ते पुढे येतंय.

पीपीए, म्हणजे बाहेरून जोडलेल्या रिपॉझिटऱ्या, अपग्रेड स्वतःच बंद करतो, पण त्यातून आधीच बसलेली पॅकेजं तशीच राहतात आणि नंतर भांडतात. ग्राफिक्सचा पीपीए असेल तर पीपीए-पर्ज वापरून आधी काढून टाका. बाकीचे चालून जातात बहुतेक.

चार्जर लावा, इन्व्हर्टरवाला प्लग शोधा, लाईव्ह पेनड्राईव्ह (ज्यावरून उबुंटू थेट चालू करता येतं) बनवून ठेवा. आणि २० वरून थेट २४ वर उडी मारता येत नाही, मधे २२ वर थांबावं लागतं, म्हणजे हा सगळा उपद्व्याप दोनदा. घाई कोणाला असेल तर एक लक्षात घ्या, २४.०४ एप्रिल २०२४ ला आलं तरी एलटीएस (जास्त वर्षं सपोर्ट असलेली आवृत्ती) वाल्यांना अपग्रेडची सूचना २४.०४.१ येईपर्यंत मुद्दाम देत नाहीत, ऑगस्ट २०२४ मधे ते आलं. बनवणारेच चार महिने थांबतात तर आपण पहिल्या दिवशी फोर्स करून कशाला मारायचं.

मधेच बंद पडलं तर

माझं तेच झालं होतं. लाईट आल्यावर चालू केलं तर लोगो आणि मग काळी स्क्रीन. अशा वेळी चालू करताना एस्केप दाबा (जुन्या बायोसवाल्या मशीनला शिफ्ट धरून ठेवा), ग्रबचा, म्हणजे काय चालू करायचं ते निवडायचा मेनू येतो, त्यात ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधे जाऊन रिकव्हरी मोड लिहिलेली ओळ निवडा. तिथून रूट शेल, म्हणजे सगळे अधिकार असलेलं टर्मिनल घ्या. डिस्क तिथे फक्त वाचायला उघडलेली असते म्हणून आधी माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू आणि पुढे स्पेस देऊन तिरकी रेघ (फॉरवर्ड स्लॅश), मग डीपीकेजी --कॉन्फिगर -ए, आणि ते झालं की एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल. माझ्याकडे हे पाऊण तास चाललं, मधेमधे प्रश्न विचारतं की ही कॉन्फिग फाईल जुनी ठेवू की नवीन घेऊ. तुम्ही ती फाईल कधी हाताने बदलली नसेल तर नवीन घ्या, बदलली असेल आणि का बदलली ते आठवत असेल तर जुनी ठेवा. मला एकीचंही आठवत नव्हतं.

रीस्टार्ट केलं, डेस्कटॉप आला, पहाटेचे तीन. मला वाटलं जिंकलो.

आता खरा विषय: वर आलं पण धड चालत नाही

दुसऱ्या दिवशी दुपारी व्हिडिओ बघताना स्क्रीन गोठली. माउस नाही, कीबोर्ड नाही, आवाज मात्र दोन सेकंद तसाच घरघरत राहिला. बटण दाबून बंद केलं. संध्याकाळी परत. रात्री तर ब्राउझर आपोआप गायब, पंधरा टॅबसकट, काही मेसेज नाही काही नाही. मी ठरवूनच टाकलं की रविवारी फॉरमॅट.

चूक काय होत होती तर मी एका दिवसात पाच उपाय करत होतो. कुठेतरी वाचलेली ओळ ग्रबमधे टाक, ड्रायव्हर बदल, एक्स्टेन्शन काढ, सगळं एकदम, आणि मग कशाने फरक पडला ते देवाला ठाऊक. दोन वेगळे आजार होते आणि मी त्यांना एकच समजून औषधं देत होतो.

सुरुवात इथून करा. ग्रबच्या त्याच ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधे जुना कर्नल अजून असतो, त्यावर बूट करा आणि एक-दोन दिवस नेहमीसारखं वापरा. हँग थांबलं तर दोष नवीन कर्नलमधे किंवा त्याच्याबरोबर येणाऱ्या ड्रायव्हरमधे, बाकीची अर्धी सिस्टिम तुम्ही संशयातून मोकळी केली. तसंच होत राहिलं तर कर्नल सोडा, दुसरीकडे बघा. म्हणूनच म्हटलं की नंतर आठवडाभर ऑटोरिमूव्ह चालवू नका, नाहीतर हा जुना कर्नलच उडायचा. यात एक गोची आहे: २४.०४ बरोबर सुरुवातीला ६.८ कर्नल आला, पण २२.०४ च्या पुढच्या अपडेटमधे बऱ्याच लॅपटॉपवर ६.८ आधीच आलेला असतो. यूनेम -आर मारून दोन्हीकडचा नंबर बघा, दोन्ही ६.८ असतील तर या परीक्षेतून फार काही कळणार नाही. आणि जुन्या कर्नलवर रिझोल्यूशन गंडलेलं दिसलं तर घाबरू नका, एनव्हिडियाचा ड्रायव्हर त्या कर्नलसाठी बनलेला नसू शकतो.

पुढच्या वेळी गोठलं की लगेच पॉवर बटणावर अंगठा ठेवू नका. कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतोय-विझतोय? मग कर्नल जिवंत आहे, फक्त वरचा डेस्कटॉप मेलाय, कंट्रोल-ऑल्ट-एफ३ ने काळी स्क्रीन घ्या आणि लॉगिन करून तिथून रीबूट करा. दिवा हलतच नाही तर ऑल्ट आणि प्रिंटस्क्रीन धरून एकेक करून एस, यू, बी दाबा, मधे दोन-तीन सेकंद थांबत. जुन्या लोकांनी आर-ई-आय-एस-यू-बी असा लांब मंत्र शिकवलेला असतो, उबुंटूत त्यातली पहिली तीन अक्षरं मुळात बंद ठेवलेली आहेत, शेवटची तीनच चालतात, आणि डिस्क नीट बंद करायला तेवढी पुरतात.

मग चालू झाल्यावर जर्नलसीटीएल -बी -१ -ई. वजा एक म्हणजे मागचं बूट, ई म्हणजे थेट शेवटी. मेला त्याच्या आधीच्या ओळी तिथे असतात. सगळं कळायची गरज नाही, नावं शोधा. आय९१५ म्हणजे इंटेलचं ग्राफिक्स, एएमडीजीपीयू म्हणजे एएमडीचं, एनव्हिडिया असेल तर तसं लिहिलेलंच असतं. एनव्हीएमई आणि कंट्रोलर इज डाउन असं दिसलं तर एसएसडी झोपून परत उठत नाहीये. आयओ एरर असेल तर अपग्रेड सोडा, आधी बॅकअप.

माझ्या लॉगमधे दोन गोष्टी सापडल्या. ब्राउझर गायब व्हायच्या वेळेला सिस्टिमडी-ओओएमडी किल्ड अशी ओळ. हा २२.०४ पासून आलेला पहारेकरी आहे, रॅम आणि स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) भरत आलं की सगळं मशीन अडकायच्या आत तो एखादं जड ॲप उचलून मारतो. म्हणजे क्रॅश नव्हताच तो! आठ जीबी रॅम, दोन जीबी स्वॅप, नवीन डेस्कटॉप थोडा जास्त खाणारा. स्वॅप फाईल आठ जीबी केली, त्यानंतर एकदाही नाही. शक्य असेल तर रॅमच वाढवा, स्वॅप शेवटी स्वॅप.

आणि गोठायच्या वेळेला आय९१५ च्या ओळी. जुन्या कर्नलवर दोन दिवस गोठलं नव्हतं, त्यामुळे आता धागा जुळला. इंटेलच्या लॅपटॉपवर पॅनल सेल्फ रिफ्रेश म्हणून वीज वाचवायची एक सोय असते, चित्र हललं नाही की स्क्रीन स्वतःच्या मेमरीतून दाखवते, आणि काही पॅनलवर ती धड चालत नाही, स्क्रीन फडफडते किंवा गोठते. हे तपासायला काही कायमचं बदलायची गरज नाही. ग्रबच्या मेनूत उबुंटूच्या ओळीवर उभं राहून कीबोर्डवरचं ई दाबा, लिनक्स शब्दाने सुरू होणारी लांब ओळ दिसेल, तिच्यात क्वाएट स्प्लॅशच्या पुढे एक स्पेस देऊन आय९१५.इनेबल_पीएसआर=० लिहा आणि एफ१० दाबा. ही दुरुस्ती फक्त त्या एका बूटपुरती, चुकलं तरी रीस्टार्ट केलं की गेलं. दोन दिवस नीट चाललं तर मगच ईटीसी मधल्या डिफॉल्ट फोल्डरातल्या ग्रब फाईलमधे तेच लिहा आणि सुडो अपडेट-ग्रब. बॅटरी थोडी जास्त खाईल. माझी तशीही मेलेलीच आहे.

बाकीचे नेहमीचे गुन्हेगार

एनव्हिडियावाल्यांनी सिक्युअर बूट (सही नसलेलं काही चालू न देणारी बायोसमधली सोय) चालू असेल तर हे वाचा. ड्रायव्हर बसताना एक पासवर्ड बनवायला लावतात आणि पुढच्या रीस्टार्टला एमओके लिहिलेली निळी स्क्रीन येते, तिथे एनरोल निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. बरीच जनता ती स्क्रीन व्हायरस समजून कंटिन्यू मारते. मग कर्नल ड्रायव्हर घेतच नाही, सगळं चित्र प्रोसेसरवर काढलं जातं, पंखा बोंबलतो आणि मशीन रांगतं. एनव्हिडिया-एसएमआय मारा, टेबल न येता एरर आली तर सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल, आणि यावेळी निळी स्क्रीन आली तर डोळे उघडे ठेवा.

लॉगिनच्या वेळी नावावर क्लिक केलं की खाली कोपऱ्यात दातेरी चाक दिसतं, त्यातून उबुंटू ऑन झॉर्ग निवडता येतं. झॉर्ग आणि वेलँड म्हणजे स्क्रीनवर चित्र दाखवायच्या दोन पद्धती, झॉर्ग जुनी, वेलँड नवी. वेलँडवर गंडतंय आणि झॉर्गवर नाही, असं असेल तर काही महिने झॉर्गवर राहा, त्यात कमीपणा काही नाही.

डेस्कटॉपच मधेमधे पडत असेल तर एक्स्टेन्शन सगळी बंद करा. ग्नोम (उबुंटूचा डेस्कटॉप) ४५ पासून एक्स्टेन्शन लिहायची पद्धतच बदलली, २२.०४ मधे ४२ होतं आणि २४.०४ मधे ४६ आहे, म्हणजे तुमची जुनी एक्स्टेन्शनं जशीच्या तशी चालणारच नाहीत. आणि नवीन यूजर अकाउंट बनवून त्यात तासभर काम करून बघा. तिथे मख्खन चाललं तर सिस्टिम ठीक आहे, घाण तुमच्या होममधल्या लपलेल्या सेटिंगमधे आहे.

ॲपइमेज (इन्स्टॉल न करता चालणारी एका फाईलची ॲप) उघडत नसेल तर लिबफ्यूज२टी६४ टाका, २४.०४ मधे पॅकेजचं नाव बदललंय.

झाकण बंद केल्यावर न झोपणं हा तर स्वतंत्र त्रास. माझा भाचा ठाण्याहून वाशीला कॉलेजला जातो, ट्रान्स हार्बरच्या त्या गर्दीत बॅग पोटाशी धरून उभा, आणि एक दिवस समोरच्या माणसाने विचारलं, बॅगेत इस्त्री आहे का. सिस फोल्डरातल्या पॉवरमधे मेम_स्लीप नावाची फाईल असते, ती कॅटने उघडा, चौकोनी कंसात जे आहे ते चालू. एस२आयडल (हलकी झोप) कंसात आणि बाजूला डीप (गाढ झोप) असेल तर मगाचच्याच ई वाल्या युक्तीने मेम_स्लीप_डिफॉल्ट=डीप देऊन बघा. डीप दिसतच नसेल, नव्या लॅपटॉपांत बऱ्याचदा नसतं, तर प्रवासात सरळ शटडाउन करा. भाचा तेच करतो.

आणि हो, कधी कधी अपग्रेडचा काही संबंधच नसतो. कोपरीतल्या एका मित्राचा लॅपटॉप अपग्रेडनंतर बंद पडायला लागला म्हणून आम्ही दोन संध्याकाळी कर्नलला शिव्या घातल्या, शेवटी मागचं झाकण उघडलं तर पंख्यात धुळीची गोधडी. अपग्रेड हे तासभर प्रोसेसर तापवणारं काम आहे, आधीच धापा टाकणारं मशीन त्यातच उघडं पडतं. सेन्सर्स कमांडने तापमान बघा, आणि ग्रबमधून मेमटेस्ट रात्रभर लावून रॅम तपासा.

दोन शनिवार-रविवार यात गेले आणि तरी सुटत नसेल तर होमचा बॅकअप आहेच, नवीन इन्स्टॉल करा, तासाभराचं काम आहे. मी फक्त ते पहिल्याच दिवशी करू नका म्हणतोय.

आईच्या लॅपटॉपवर अजून २२.०४ च आहे, त्याला २०२७ पर्यंत सपोर्ट आहे. अपग्रेडची खिडकी आली की ती मला हाक मारते आणि मी सांगतो, नंतर कर म्हण त्याला, गणपती झाले की बघू. हे गेल्या वर्षीचे गणपती.